फुली का मारायची? (दोन आकडी गुणाकार हाताने करून शिकवणं)

पाटीपेन्सिल | रवि, रात्री १०:४०

लेक चौथीत आहे. वीसपर्यंत पाढे पाठ, एक आकडी गुणाकार चुकत नाहीत. परवा गृहपाठात २३ × १४ होतं. तिने चारने गुणून ९२ लिहिले, त्याखाली एकने गुणून २३ लिहिले आणि बेरीज केली ११५. मी म्हटलं, "अगं, दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली राहिली." तिने फुली मारली, २३ एक घर डावीकडे सरकवले, ३२२ आले. मी वही मिटायला घेतली, तर विचारते, "फुली कशाला असते?"

मी बी.कॉम., बारा वर्षं बँकेत. दिवसभर आकडेच. उत्तर काय दिलं? "तशी पद्धत असते." त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "मग मी पद्धत विसरले. गणित नाही विसरले."

हे मनाला लागलं. म्हणून आज दुपारी खराट्याच्या काड्या तोडून २३-२३ चे १४ ढीग केले. हॉलभर काड्या. तिला मजा आली, पण मोजता मोजता एकदा ३१९ आले, एकदा ३२५. तीन काड्या सोफ्याखाली सापडल्या. सासूबाई म्हणाल्या, "गणित येईल तेव्हा येईल, उद्या अंगण कशाने झाडायचं ते सांगा." आणि एवढं करून फुलीचा प्रश्न तिथेच राहिला!

तर प्रश्न असा: बेरीज-वजाबाकी काड्यांनी, मण्यांनी शिकवता येते. आकडे मोठे झाले की काय करायचं? ३२२ वस्तू न मोजता हाताने गुणाकार कसा दाखवायचा?

निवांत_नाना | रवि, रात्री ११:०२

आमच्या वेळी "फुली का?" असं विचारलं असतं तर गुरुजींनी पाठीवर फुली काढून दाखवली असती. हाताने करून शिकवणं आमच्याकडेही होतं, फक्त हात गुरुजींचा असायचा.

गोगलगाय | रवि, रात्री ११:०५

नाना, हसून हसून पुरेवाट (हहपुवा). +१.

टिंबटिंब | सोम, सकाळी ६:२०

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न खणखणीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २१ वर्षं शिकवतोय. फुली का, हे विचारणारी मुलं माझ्याकडे आजवर चार-पाचच निघाली. बाकीची मुकाट मारतात, आणि मुकाट विसरतात.

तुमचं चुकलं एवढंच, की सगळं सुट्ट्यात मांडलंत. सुट्टे मोजत बसलं की दहाची गंमत दिसतच नाही. मी काय करतो ते सांगतो.

एका रुपयासाठी चिंचोका. दहासाठी पुठ्ठ्याची निळी पट्टी, शंभरसाठी लाल चौकोन. आता गोष्ट अशी की १४ मुलं सहलीला निघाली आणि प्रत्येकाला २३ रुपये द्यायचे. म्हणजे प्रत्येकी दोन पट्ट्या, तीन चिंचोके. आधी चारच मुलांना पुढे बोलवायचं. त्यांच्यापुढे आठ पट्ट्या आणि बारा चिंचोके जमतात. दहा चिंचोके पेटीत टाकले की बदल्यात एक पट्टी. उरलं नऊ पट्ट्या, दोन चिंचोके. ९२. ही तुमची पहिली ओळ.

मग राहिलेली दहा मुलं. वीस पट्ट्या आणि तीस चिंचोके. चिंचोके दहा-दहाने पेटीत जातात, तीन पट्ट्या येतात. पट्ट्याही दहा-दहाने जातात, दोन लाल चौकोन येतात. आता पोरांना विचारायचं, "सुट्टे चिंचोके किती उरले?" पोरं जमिनीवर शोधतात. एकही नाही. दहा मुलांचे सुट्टे बंदे होऊन गेले, कुणाचे तीन असोत, सात असोत, नऊ असोत. ती रिकामी जागा म्हणजे फुली. मी तर वहीत फुली मारूच देत नाही, चक्क शून्य लिहायला लावतो. २३०. "एकने गुणलं" हे शब्दही वर्गात बंद. तो एक नाही, दहा आहे.

आधी चार मुलं आणि मग दहा, हा क्रम मुद्दाम ठेवलाय. वहीतल्या ओळी त्याच क्रमाने येतात.

मृगनक्षत्र | सोम, सकाळी ८:१५

सर, "सुट्टे बंदे होऊन गेले" हे वाक्य लिहून ठेवतेय. मी चाळिशीची आहे आणि फुली म्हणजे काय हे मला आज कळलं.

झटपटराव | सोम, सकाळी ९:४०

एवढा पसारा कशाला? ऊर्ध्वतिर्यक् शिकवा. २३ × १४. डावीकडचे २ × १ = २. तिरके २ × ४ आणि ३ × १, मिळून ११. उजवीकडचे ३ × ४ = १२. हातचे सरकवा, ३२२. पाच सेकंद. आपल्या वेदांत सगळं आहे, आपण मात्र चिंचोके मोजतोय.

कुरापत | सोम, सकाळी ९:५२

वेदांत कुठे आहे ते सांगता का? कोणता वेद, कोणतं मंडल? "वैदिक गणित" हे स्वामी भारती कृष्ण तीर्थांचं पुस्तक, छापून आलं १९६५ साली. ती सूत्रं वेदांत सापडत नाहीत, हे तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असलेले गणिती एस. जी. दाणी यांनी सविस्तर लिहिलंय. युक्ती चांगली आहे, तिला जन्मदाखला खोटा कशाला?

झटपटराव | सोम, सकाळी १०:०१

आलंच हे. परदेशातून आलं की "मेथड", आपलं असलं की "खोटा दाखला".

कुरापत | सोम, सकाळी १०:०३

मी आपलं नाही असं कुठे म्हटलं? वेदांतलं नाही म्हटलं. दोन्हीत फरक आहे.

टिंबटिंब | सोम, दुपारी १:३०

भांडू नका, डबा खाताना वाचतोय. झटपटराव, तुमच्या रीतीत मधे जे ११ आले ते काय आहेत, हे मुलाला सांगता आलं तर रीत उत्तम. ते ११ दशक आहेत: दोन दशक चार मुलांना म्हणजे आठ, आणि तीन एकक दहा मुलांना म्हणजे तीन दशक. हे कळलेल्या मुलाने पाच सेकंदात उत्तर काढलं तर मी टाळ्या वाजवेन. न कळलेल्याच्या हातात ही रीत दिली तर फुलीच्या जागी दुसरी फुली दिली, एवढंच होतं.

काजूबोंड | सोम, दुपारी २:१०

आमच्याकडे म्हापशाला शेजारी किराणा दुकान आहे. चिरंजीव तिथे अंड्यांचे ट्रे बघून शिकले. पाच ओळी, सहा रकाने, तीस अंडी. "बारा ट्रे म्हणजे किती रे?" "दहा ट्रे तीनशे, वरचे दोन साठ." दुकानदार खूश, एक अंडं बक्षीस. ते घरी येईस्तोवर खिशात फुटलं.

बांधावरचा | सोम, रात्री ९:३५

आमची रीत सांगतो. जरा लांबेल.

उन्हाळ्यात पुतण्या आला होता, शहरातला, इंग्रजी माध्यम, पाचवीत. त्याच्यासोबत शेजारची दोन पोरं. मी सहज विचारलं, "गुंठा म्हणजे किती?" शेजारची पोरं म्हणाली, "तेहतीस बाय तेहतीस." हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुतण्याला म्हटलं, मग चौरस फूट किती सांग. त्याने मनातल्या मनात केलं: तीस त्रिक नव्वद म्हणजे नऊशे, तीन त्रिक नऊ, झाले ९०९. छातीठोक सांगितलं.

मी काही बोललो नाही. कांदा निघून वावर मोकळं होतं. टेप घेतला, चार खुंट्या, सुतळी, आणि शाळेच्या मैदानावर आखतात ती पांढरी फक्की. तेहतीस फुटांचा चौकोन आखला. मग म्हटलं, तू तीस आणि तीन असे तुकडे पाडलेस ना, मग तसेच इथे पाड. एका कडेला तीस फुटांवर खुंटी, दुसऱ्या कडेलाही तीस फुटांवर. तिथून समोरच्या कडेपर्यंत सुतळ्या ताणल्या, त्यावरून फक्की सोडली.

झाले चार तुकडे. एक मोठा चौकोन, तीस बाय तीस. कोपऱ्यात एक चिमुकला, तीन बाय तीन, त्यात तिन्ही पोरं उभी राहिली तर हलायला जागा नाही. पुतण्याला म्हटलं, तुझे ९०० कुठे? मोठ्यात जाऊन उभा राहिला. तुझे ९ कुठे? उडी मारून कोपऱ्यात. आणि मग त्याची नजर दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्यांवर गेली. शेजारचं पोरगं त्या पट्टीत उभं होतं, ते ओरडलं, "अरे, मी कुणाच्या रानात उभा आहे?"

तीस बाय तीनची एक पट्टी ९०, आणि तशा दोन. १८०. ९०० अधिक १८० अधिक ९. एक हजार एकोणनव्वद. संध्याकाळी सातबाराचा उतारा काढून दाखवला, क्षेत्र कसं लिहितात ते. मग चाळीस गुंठ्यांचा एकर: १०८९ चोक ४३५६, पुढे शून्य, ४३,५६० चौरस फूट. ते त्याने तोंडी केलं.

आता त्याला दोन आकडी गुणाकार दिला की आधी हवेत हाताने चौकोन काढतो.

निवांत_नाना | सोम, रात्री ९:५०

त्या दोन पट्ट्या विसरून ९०९ लिहिणं म्हणजे शेजाऱ्याने दोन्हीकडून बांध कोरला की!

बांधावरचा | सोम, रात्री ९:५८

नाना, गुंठ्यामागे १८० फूट गेले तर आमच्याकडे कोर्टात तारखा पडतात.

धडपड्या | सोम, रात्री १०:२०

ज्यांच्याकडे वावर नाही त्यांनी काय करायचं? आमच्या वन बीएचकेत तेहतीस फूट कुठल्याच दिशेला नाहीत.

गोगलगाय | सोम, रात्री १०:२४

चौकडीची वही घ्या. एक घर म्हणजे एक फूट. गुंठा एका पानात मावत नाही, दोन पानं चिकटवावी लागतात. चिकटवण्यातच पोरं अर्धं शिकतात. फरशीवर करायचं असेल तर खडूने. फक्त नंतर पुसायचं कुणी ते आधी ठरवा.

मणीमाळ | मंगळ, सकाळी ११:१०

माँटेसरी वर्गाचा अनुभव लिहिते. आमच्याकडे सोनेरी मणी असतात. सुटा मणी एकक, दहा मण्यांची काडी दशक, दहा काड्यांचा चौरस शतक, दहा चौरसांचा ठोकळा हजार. हजाराचा ठोकळा मूल पहिल्यांदा दोन्ही हातांनी उचलतं तेव्हाचं तोंड बघण्यासारखं असतं. कागदावर १ आणि १००० मधे तीन शून्यांचा फरक, हातात मात्र वजनाचा.

मोठ्या गुणाकाराला चौकटींचा पट असतो, बुद्धिबळासारखा, पण रंगीत. एककाचं घर हिरवं, दशकाचं निळं, शतकाचं लाल, पुढे हजारापासून पुन्हा हिरवं. गुण्य खालच्या कडेला, गुणक उजव्या कडेला. जिथे दोघांची ओळ आणि रकाना मिळतो तिथे तेवढे मणी ठेवायचे. गंमत अशी की तिरक्या रेषेतल्या सगळ्या घरांची किंमत सारखी असते. म्हणून शेवटी मणी तिरके सरकवून एकत्र करायचे. वर टिंबटिंब सरांनी जे "दोन प्रकारचे दशक" सांगितले, ते इथे तिरके शेजारी असतात.

पण एक सांगते. हे सगळं साहित्य विकत आणायच्या फंदात पडू नका, किंमत ऐकून घेरी येईल. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांसोबत बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली, ती शंख-शिंपले, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूंवरच. पट पुठ्ठ्यावर स्केचपेनने होतो, मण्यांच्या जागी वाल-राजमा चालतो.

पाटीपेन्सिल | मंगळ, सकाळी ११:३०

राजमा ठेवला तर सासूबाई रात्री भिजत घालतील.

सांगलीकर_जर्सीत | मंगळ, सायं. ६:४५

इथे न्यू जर्सीत मुलगा चौथीत. शाळेत याला बॉक्स म्हणतात. चार खण काढायचे, वर २० आणि ३, बाजूला १० आणि ४, प्रत्येक खणात गुणाकार, मग बेरीज: २०० + ३० + ८० + १२. बांधावरच्या दादांचा गुंठाच, फक्त फक्कीशिवाय. कॉमन कोअर म्हणून जो अभ्यासक्रम २०१० पासून आला, त्यात चौथीला असे आयत आणि पाचवीला आपली उभी मांडणी, असा क्रम आहे.

मला आधी वैताग आला होता. चार ओळी कशाला, दोन ओळींत होतं की. मग बाबांनी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर नातवाला उभी मांडणी शिकवायला घेतली. बाबा म्हणाले, "आता इथे फुली मार." नातू म्हणाला, "आजोबा, ये तो टेन है ना, तो झीरो क्यूँ नहीं?" (होय, त्याचं मराठी असं आहे. हलकेच घ्या.) बाबा दोन मिनिटं गप्प. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मग म्हणाले, "बरोबर आहे रे तुझं. आम्ही शून्याच्या जागी फुली मारायचो, इतकंच." त्या दिवसापासून मी त्या चार खणांना नावं ठेवणं सोडलं.

निमकी_पावकी | मंगळ, रात्री ८:३०

सगळं छान, पण पाढ्यांचं काय? ठोकळे, खण, पट्ट्या मांडून शेवटी ३ × ४ तर तोंडी यायलाच हवं. माझी आजी शाळेत चौथीपर्यंतच गेली, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, अपूर्णांकांचे हे पाढे सगळे मुखोद्गत. औट म्हणजे साडेतीन. वाणसामान आणताना ३५ रुपये दराने १६ नग असले तर ती म्हणायची, "सोळा औट छपन्न, म्हणजे पाचशे साठ." कागद नाही, पेन्सिल नाही. तुमचे चार खण मांडेपर्यंत तिची पिशवी भरलेली असायची.

कुरापत | मंगळ, रात्री ८:४१

आजींना वंदन. पण त्यांनी ३५ चे साडेतीन दहा केले, हे कळून केलं ना? तीच तर समज. नुसती औटकी पाठ असती तर छपन्नवर थांबल्या असत्या.

निमकी_पावकी | मंगळ, रात्री ८:४४

हं. हे मान्य करावं लागतंय, नाइलाजाने.

धडपड्या | मंगळ, रात्री ९:१५

विषयाला धरून एक भीत भीत विचारतो. "तेवीस" हा शब्दच अडचण नाही का? कानाला आधी तीन ऐकू येतात, मग वीस. मुलाने तेवीसचे वीस आणि तीन असे तुकडे पाडायचे, पण शब्द उलटा.

निवांत_नाना | मंगळ, रात्री ९:१८

झालं. आता इथे "वीस तीन" येणार. धागा पन्नाशी गाठणार.

मृगनक्षत्र | मंगळ, रात्री ९:३०

येऊ दे की. २०१९ मधे दुसरीच्या पुस्तकात "वीस तीन", "साठ सात" आलं तेव्हा मीही व्हॉट्सॲपवर टिंगल पुढे ढकलली होती. मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यात लहान मुलं अडखळतात, संख्या म्हणताना दशक आधी आला की ती सोपी होते. जुनी नावं काढून टाकली नव्हतीच. आता हा धागा वाचताना वाटतंय, गुणाकाराच्या वेळी मुलाने "वीस आणि तीन" म्हणणं ही पहिली पायरीच आहे. आपण टिंगल केली ती त्या पायरीची.

निमकी_पावकी | मंगळ, रात्री ९:४४

माझा विरोध कायम. भाषेचा गोडवा जातो. सत्तेचाळीस म्हणताना जिभेला जो व्यायाम होतो तो "चाळीस सात" मधे कुठला?

टिंबटिंब | मंगळ, रात्री १०:०५

माझ्या वर्गात दोन्ही चालतं. पाढे म्हणताना सत्तेचाळीस, तुकडे पाडताना चाळीस आणि सात. पोरं घरी आईशी एक बोली बोलतात आणि शाळेत दुसरी, त्यांना दोन नावं जड जात नाहीत. जड आपल्याला जातात.

अटकेपार | बुध, सकाळी ७:५०

थोडं मागे जाऊ. ज्याला "परदेशी बॉक्स" म्हणताय ते भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, म्हणजे ११५० सालचं. तिथलं उदाहरण १३५ गुणिले १२. आणि ते एकाच रीतीने सोडवून सोडून देत नाहीत. १२ चे ८ आणि ४ असे खंड पाडा: १०८० अधिक ५४०. किंवा १२ म्हणजे तीन चोक: ४०५, मग चौपट. किंवा स्थानाप्रमाणे, १० आणि २: १३५० अधिक २७०. किंवा गुणक सोयीचा करून घ्या: वीसने गुणून २७००, त्यातून आठपट १०८० वजा. सगळीकडे १६२०. आपण मात्र आठशे-नऊशे वर्षांनी पोरांना एकच रीत आणि एकच फुली देतो.

मणीमाळ ताईंनी तिरक्या रेषेचं लिहिलं ते वाचून आठवलं. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, त्यांनी १५४५ मधे लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. त्यात कपाटसंधी म्हणून गुणाकार आहे. चौकट आखायची, प्रत्येक घरात कर्ण काढायचा, गुणाकाराचा दशक कर्णाच्या एका बाजूला, एकक दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी तिरकी बेरीज. २३ × १४ ला घरांत ०२, ०३, ०८, १२ येतात. तिरक्या बेरजा उजवीकडून २, मग १ + ८ + ३ म्हणजे १२, हातचा १, मग २ + १. उत्तर ३२२. गुणताना हातचा लागतच नाही, बेरजेतच काय तो येतो. माझ्या भाचीचे हातचे कायम हरवायचे, तिला हे फार आवडलं.

अवांतर: मी चाळीसगावचा. भास्कराचार्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आमच्या पाटणादेवीला आहे. एकदा या.

झटपटराव | बुध, सकाळी ८:१०

हे बरं झालं. म्हणजे आपलंच होतं की नाही?

कुरापत | बुध, सकाळी ८:१२

होतं की. आणि पत्त्यासकट, सालासकट. असं सांगितलं की मी कधी भांडतो का?

गोगलगाय | बुध, सकाळी ८:१३

हो.

वर्गातला_शेवटचा_बाक | बुध, दुपारी ३:२०

सगळे वाहवा करतायत म्हणून दुसरी बाजू. माझ्या मुलाला एका वर्गात ठोकळ्यांनीच शिकवलं. छान रमायचा. ठोकळे मांडून २६ × १५ बरोबर ३९० काढायचा. आणि परीक्षेत तोच गुणाकार कागदावर आला की १५६. हो, तीच फुलीची चूक, १३० आणि २६ ची बेरीज. विचारलं तर म्हणाला, "ते ठोकळ्यांचं गणित आहे, हे वहीचं." त्याच्या डोक्यात दोन वेगळे विषय होते! वर शिष्यवृत्तीला वेळ लावून पेपर. चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात चिंचोके कोण वाटणार आणि कोण गोळा करणार?

मणीमाळ | बुध, दुपारी ४:०५

तुमची तक्रार रास्त आहे. हे फार ठिकाणी होतं. साहित्य हा देखावा झाला की असंच होतं. फोटो काढण्यापुरते मणी, मग "चला, आता वही उघडा."

टिंबटिंब | बुध, रात्री ८:५०

शेवटचा बाक, तुमचा मुलगा खरं बोलला. दोष त्याचा नाही. मी आधीची पाच-सहा वर्षं हीच चूक केली. आधी आठवडाभर साहित्य, मग एका दिवशी सगळं कपाटात आणि फळ्यावर उभी मांडणी. मधला पूल बांधलाच नाही.

आता जोडीने बसवतो. एकाने चिंचोके आणि पट्ट्या हलवायच्या, दुसऱ्याने त्याच क्षणी लिहायचं. हाताने जे झालं तेवढंच वहीत, एक अक्षर जास्त नाही. पहिल्यांदा चार ओळी येतात: १२, ८०, ३०, २००. पुढच्या आठवड्यात पोरंच म्हणतात, सर, पहिल्या दोन एकत्र लिहू का? लिहा. ९२ आणि २३०. झाली उभी मांडणी, तीही त्यांनी आणलेली. मग एक दिवस एखादं कार्टं पट्ट्यांना हात न लावता नुसतं त्यांच्याकडे बघून लिहायला लागतं. त्या दिवशी त्याच्यापुरत्या पट्ट्या उचलायच्या. सगळ्यांच्या एकदम नाही.

पंचेचाळीस मुलांचं म्हणाल तर चिंचोके ढीगभर लागत नाहीत. दोघांत तीसच्या आसपास पुरतात. ते दहा झाले की बदलायचेच असतात, म्हणून कमी ठेवलेले बरे. कमी असले की बदलायची गरज पडते. गोळा करायला पोरं माझ्यापेक्षा हुशार, कारण चिंचोके भाजून खाता येतात. जूनमधे डबाभर असतात, दिवाळीपर्यंत निम्मे.

वर्गातला_शेवटचा_बाक | बुध, रात्री ९:१०

"हाताने जे झालं तेवढंच वहीत." हे आमच्याकडे कुणी केलं नाही. या शनिवारी करून बघतो.

पाटीपेन्सिल | रवि, सायं. ७:१५

आठवडाभर गायब होते, मार्चअखेर, समजून घ्या. सगळे प्रतिसाद वाचले, काही मोठ्याने घरात वाचून दाखवले. "मी कुणाच्या रानात उभा आहे" हे आमच्याकडे आता कुठल्याही प्रसंगाला म्हणतात.

काय केलं ते सांगते. गुरुवारी चौकडीच्या वहीत २३ घरं आडवी, १४ घरं उभी असा आयत काढला. वीसवर एक रेघ, दहावर एक रेघ. तिने चार रंगांनी रंगवलं. मग मी तिची जुनी वही उघडली, ११५ वालं पान. काही बोलले नाही. तिने मोठा लाल तुकडा बघितला, म्हणाली, "हाच एकटा दोनशे आहे. मग सगळं मिळून एकशे पंधरा कसं असेल?" आणि हसत सुटली. मला वाटतं, फुलीपेक्षा हे मोठं होतं. आता कुठलंही उत्तर आलं की आधी मोठ्या तुकड्याशी ताडून बघते.

शनिवारी टिंबटिंब सरांचा खेळ. चिंचोके मिळाले नाहीत, वाल घेतले. सासूबाई दहा मुलांच्या गटात बसल्या. सगळे वाल पेटीत जाऊन बदल्यात पट्ट्या आल्या तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगो बाई, म्हणून का ते शून्य!" त्यांनी आयुष्यभर फुली मारली होती. (वालाची उसळ रात्री झालीच. सुकी होती, चांगली झाली होती.)

आता नवीन संकट. आज सकाळी तिने विचारलं, "आई, २३ गुणिले १०४ असलं तर? मधे कुणीच नाही. मग शून्याची ओळ लिहायची की गाळायची? आणि शंभर मुलांना दोन फुल्या का?" ९२ आणि २३०० मिळून २३९२ मी केलं, पण मांडून दाखवायचं तर चौकडीच्या वहीची किती पानं चिकटवू?

टिंबटिंब | रवि, सायं. ७:४०

तिला म्हणा, दशकातली मुलं आजारी आहेत, सहलीला आलीच नाहीत. मग त्यांच्या नावाची ओळ लिहायची का, ते तिलाच ठरवू दे. शंभर मुलांचे दोन शून्य तिला पेटीशी बसून सापडतील. वाल आधी पट्ट्या होतात, पट्ट्या मग चौकोन. दोनदा बदल झाला ना.

बांधावरचा | रवि, रात्री ८:०५

पानं चिकटवू नका. इकडे घेऊन या. एकशे चार बाय तेवीस म्हणजे दोन गुंठ्यांच्या वर, आरामात बसतं. रान जूनपर्यंत मोकळं आहे. फक्की माझी, टोपी आणि पाण्याची बाटली तुमची. आणि सासूबाईंना आणा, वाल आमच्याकडेही आहेत.